लाल पाणी

भाईंदर, मार्च १९४२. संध्याकाळ.

उद्या मुंबईत विमानदलाच्या भरतीची तपासणी. फ्लाइंग क्लबात शिकणं शेठलोकांचं काम, मला हीच एक वाट. मॅट्रिक कसाबसा झालोय, तेवढं पुरतं म्हणतात. पण आज स्टेशनवर त्या तपासणीतून परत पाठवलेला एक जण भेटला. म्हणाला, "छाती-बिती ठीक होती रे, रंगांत उडवलं. ठिपक्यांच्या चित्रात लाल-हिरवं ओळखायचं असतं." मी हसलो. मग हसू गेलंच.

आमच्या मिठागरात वाफ्यातल्या पाण्याला लाली आली की मीठ धरलं समजायचं. मी नेहमी चुकतो, आधीच मीठ ओढायची फळी घालतो, मीठ बिघडतं. बाबा म्हणतात, भटक्याचं लक्ष नाही. मलाही तसंच वाटायचं. तेवढंच असेल ना?

तसाच बांधावर गेलो. ताई मीठ ओढत होती. विचारलं, हे पाणी कसं दिसतंय?

"लाल हाय की. आन् म्हनं हा इमान चालवनार."

मला ते शेजारच्या, कालच पाणी सोडलेल्या वाफ्यासारखंच दिसलं. मध्येच बगळे उतरले, ते बघत राहिलो. पुन्हा पाण्याकडे पाहिलं. तसंच.

ताईला सगळं सांगितलं. तिनं फळी खाली ठेवली.

"मंग बाबानं तुला उगाच मारला रं."

बाबांना सांगू नकोस म्हटलं, ते जाऊच देणार नाहीत. उद्या जाणारच मी. नाही म्हणायचं तर डॉक्टरनं म्हणावं, आमच्या वाफ्यानं नव्हे.