आईच्या बियांचा झेंडू

अप्पा,

ऑफिसला निघतेय. तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही.

"माझ्या वाफ्याला हात लावू नकोस," असं तुम्ही बजावलं होतंत. तरी मी लावला, माफ करा. बिल्डिंगमागच्या त्या ओल्या जागेत आईच्या बियांची रोपं गोगलगाई फस्त करत होत्या आणि तुम्ही खाली जाणंच सोडलंत, ते मला बघवेना. मागे कुणीतरी टाकलेल्या विषाने मांजर दगावली, तेव्हापासून तुम्ही औषधाचं नाव काढू देत नाही. पण मी आणलेल्या गोगलगाईंसाठीच्या या गोळ्या सेंद्रिय शेतीत चालणाऱ्या आहेत. दोनदा अगदी विरळ पसरल्या. गोगलगाईंनी त्या खाल्ल्या आणि पानं खाणं सोडलं. अकरा रोपं ताठ उभी आहेत!

वाफ्याच्या जागी फरशी घालायची म्हणून काल सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई मापं घ्यायला आले होते. वाफा बघून टेप गुंडाळली आणि म्हणाले, "नागोरावजी को बोलो, इधर टाइल्स नहीं लगेगा."

अप्पा, जिंकलो आपण!

उपमा झाकून ठेवलाय. खाऊन खाली जा. कोपऱ्यातल्या रोपाला कळी आलीय. बारीक आहे, चष्मा घेऊन जा.

निशा