पडद्याची दोरी

सान सेलेदोनियो,
मंगळवार, ६ मार्च १९७९

प्रिय पुरिंग,

तू खुशाल असशील. भाचीच्या बाळाला आता दात येत असतील. बाकोलोदचा उकाडा आपल्याहून वाईट, तेव्हा दुपारची बाहेर पडू नकोस. मी ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

आज सकाळी मूग निवडत होते आणि सिस्टर बोनिफासियांच्या वर्गातली ती दुपार आठवली. धर्मशिक्षणाची तोंडी परीक्षा होती. तू उभी, मी तुझ्यामागच्या बाकावर. तुला कधी काही पाठ होत नसे आणि मला चारजणींसमोर तोंड उघडवत नसे. म्हणून मी मागून कुजबुजायची आणि तू खणखणीत म्हणायचीस. त्या दिवशी तुझी टाच माझ्या बोटांवर होती. उत्तर सांगता सांगता मी म्हटलं, "पाय काढ गं, दुखतंय." आणि तू हात जोडून, सिस्टरकडे बघत, म्हणालीस, "देव सर्वत्र आहे, पाय काढ गं, दुखतंय."

शिक्षा म्हणून मुगाच्या दाण्यांवर गुडघे टेकून आपण तासभर हसू दाबत होतो. सिस्टर मला म्हणाल्या, "सालुद, पाच वर्षांत तुझा आवाज आज ऐकला, तोही दुसरीच्या तोंडून." मग जरा थांबून म्हणाल्या, "असू दे. मुलीचा आवाज उशाखालच्या जपमाळेसारखाच असावा."

हे आत्ताच का आठवलं, ते तुला सांगायला नको.

गावात सगळं जागच्या जागी आहे. डोरोला जाऊन बत्तीस दिवस झाले आणि मला याचंच नवल वाटतं. मासळीवाली त्याच वेळेला ओरडत येते. डोरोचा कोंबडा, जो आयुष्यात एकदाही लढला नाही, अजून त्याच्या खुर्चीखाली झोपतो. माझा त्या दिवशीचा करडा झगा खुंटीवर आहे, गुडघ्यांवर स्टेजखालच्या पेटीतली धूळ तशीच. रोज धुवायला काढते आणि परत टांगते.  कुणी काही विचारलं की समोरचा पुढे काय म्हणेल याची वाट बघत मी नुसती उभी राहते.

शवपेटी नऊ दिवस घरात होती. रोज माणसं यायची, पत्ते खेळायची, खायची, प्रार्थना म्हणायची. तू आली नाहीस. पहिल्या बोटीनं गेलीस, हे मला मासळीवालीकडून कळलं.

लोक काय बोलतात ते तुझ्यापर्यंत आलंच असेल. सगळ्यांची थोरली ताई असलेली मानांग विसितासियोन तर माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "माणूस डोळ्यांदेखत चाललाय आणि ही पुरिंग हातवारे करतेय. अडतीस वर्षं नाटकात त्याची खोटी बायको झाली आणि शेवटी खरीला विधवा करून गेली."

तिचा नवरा म्हणाला, "अगं, हळू. ती ऐकतेय."

"ऐकू दे. ती कुठे कधी काही बोलते?"

आणि मी, पुरिंग, दोघांना आल्याचा काढा दिला.

आणखी एक सांगते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचा एक माणूस आंब्यांची टोपली घेऊन दारात आला. टाळ्या संपता संपता तो आदल्या दिवशी निघून गेला होता. म्हणाला, "मानांग, असं काम मी इलोइलो शहरातसुद्धा पाहिलं नाही. ढसाढसा रडलो. डोरो सर घरी आहेत का? नुसता हात मिळवायचाय." मग माझ्या खांद्यावरून त्याला आतल्या शवपेटीभोवतीच्या मेणबत्त्या दिसल्या. टोपली खाली ठेवून तो तिथेच पायरीवर बसला, आणि बराच वेळ कुणी त्याला उठवू शकलं नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते. थांबत थांबत लिहीन.

सकाळी डोरो म्हणाला, "सालुद, छातीवर कुणी तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं वाटतंय. प्रयोग उद्या केला तर?"

मी म्हटलं, "सण आज आहे, उद्या नाही. आणि नाटक तू लिहिलंयस, मी नाही. आता नखरे पुरेत."

"बरं बाई," तो म्हणाला. "अडलो तर तू आहेसच."

एवढंसं तर नाटक. म्हातारे नवरा-बायको, एक स्वयंपाकघर. तू मरायचीस, तो मागं राहायचा. बायको आधी जाते असं उलटं का लिहिलंस, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाला, "तू गेल्यावर मला एकट्याला जगता यायचं नाही. नाटकात तरी जमतं का बघतो." तू हसून त्याला म्हणालीस, "वा, म्हणजे मरायचं मी, आणि रडायचं तिच्यासाठी." त्यावर तो किती हसला होता.

शहरातली नाटकवाली मुलं आपल्याला चिडवायची ना, की तुमचे नट पाठ करतच नाहीत, पेटीतून जे येईल ते म्हणतात. खरंच होतं ते. अडतीस वर्षं मी स्टेजच्या पुढच्या काठाला, खाली त्या पेटीत बसून प्रत्येक वाक्य आधी सांगितलं आणि तुम्ही ते मोठ्यानं म्हटलंत. डोरोनं मला लग्नाची मागणी घातली तीसुद्धा तालमीत, मी सांगत असलेलं वाक्य सोडून. त्याला स्वतःचं वाक्य म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्याचं वाक्य होतं, "आज तांदूळ थोडा कमी टाक, आपण दोघंच तर आहोत." मी सांगितलं. तो बोलला नाही. पुन्हा सांगितलं. त्याचा हात टेबलावर होता आणि तो माझ्याकडे, पेटीकडे बघत होता. मला राग आला. तिसऱ्यांदा सांगून मी म्हटलं, "अरे, बोल की." तू म्हणालीस, "अरे, बोल की." लोक हसले.

मग मला त्याचे निळे पडलेले ओठ दिसले.

"डोरो, काय होतंय तुला?" मी म्हटलं. तू त्याच्याजवळ जाऊन तेच म्हणालीस. इतकं छान म्हणालीस की हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. नाटकातलं त्याचं नाव वेगळं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा." तू लोकांकडे वळून दोन्ही हात पसरलेस. "डॉक्टरांना बोलवा." डॉक्टर लाक्सामाना तिसऱ्या रांगेत होते. मला ते दिसत होते. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि ते बसून राहिले.

पुरिंग, तू अडतीस वर्षं जे केलंस तेच केलंस. पेटीतून आलेलं वाक्य म्हटलंस. आणि मी ते कसं सांगितलं, हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्याच आवाजात. तांदूळ कमी टाक, डॉक्टरांना बोलवा, दोन्ही एकाच सुरात. ओरडायला तोंड उघडलं तेव्हा कुजबूजच बाहेर आली. तुला खरंखोटं कळणार तरी कसं?

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या शनिवारी फादरांकडे पापनिवेदनाला गेले, तिथंही भाजीवालीशी भांडले असं सांगून परत आले.

पडद्याची दोरी माझ्या हातात होती.

एकदा ओढली असती तर पडदा पडला असता. विंगेतली माणसं धावली असती, डॉक्टर उठले असते. ओरडायची गरजच नव्हती. दोरी डाव्या हाताला गुंडाळलेली होती, प्रत्येक प्रयोगात असते तशी. पण आपला पडदा पेटीच्या मागे पडतो. मी लोकांच्या बाजूला राहिले असते आणि तो पलीकडे. स्टेजखालून रांगत, वळसा घालून त्याच्यापर्यंत पोचायला मला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. आणि तो माझ्याकडे बघत होता. तू त्याचा हात धरला होतास, तरी तो माझ्याकडेच बघत होता. मला त्याचा चेहरा सोडवेना.

म्हणून मी दोरी ओढली नाही. मी म्हटलं, "मी इथंच आहे."

तू गुडघ्यांवर बसून म्हणालीस, "मी इथंच आहे."

आणि मग तोही म्हणाला. सवयीनं म्हणाला की मला म्हणाला, ते मला कळलेलं नाही. "मी इथंच आहे." सांगितलेलं वाक्य त्यानं नीट म्हटलं आणि मान खाली टाकली. लोक उठून टाळ्या वाजवत होते.

दोन मिनिटं असतील, कदाचित तीन. तेवढ्यानं फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. ते हल्ली माझ्याशी नजर मिळवत नाहीत आणि मी त्यांच्याशी. लोक तुला बोलले, मी ऐकून घेतलं. तुझ्यावर खापर फुटत होतं तोवर माझा हात कुणी बघत नव्हतं. ही दुसरी चूक, आणि ही मी शांतपणे, रोज सकाळी उठून केली.

चाळिसावा दिवस बुधवारी, चौदा तारखेला आहे. त्या दिवशी त्याच्या वस्तू द्यायच्या आहेत. मला एकटीला जमणार नाही, म्हणून यादी तुला कळवून ठेवते.

नाटकांच्या वह्या शाळेला. ही शेवटची मात्र नाही, ती मी ठेवणार. टोपी विसितासियोनच्या नवऱ्याला, तो "हळू" म्हणाला होता. चष्मा चर्चच्या दानपेटीत, कुणाच्या डोळ्यांना लागला तर. कोंबडा डॉक्टरांना. त्यांच्याकडे मोठं अंगण आहे, आणि मला वाटतं त्यांनाही हल्ली झोप लागत नसावी. आंबेवाल्याची टोपली परत पाठवायची, रिकामी नको, आपले चिकू घालून. अननसाच्या धाग्याचा सदरा त्याच्या अंगावरच गेला. दोरी मी कापून आणली आहे. ती कुणाला द्यायची नाही, ती माझी.

आणि हे पत्र तुला, पण ठेवून घ्यायला नाही. बरोबर घेऊन ये. प्रार्थना झाल्यावर, ताटं वाढायच्या आधी, मी सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. तू माझ्यामागं बस आणि 'पडद्याची दोरी माझ्या हातात होती' इथपासून हळूहळू वाचत जा, वाक्यावाक्याला थांबून. तू सांगशील तसं मी मोठ्यानं म्हणेन. एकही वाक्य गाळू नकोस, मी अडले तर पुन्हा सांग. तीनदा सांगावं लागलं तरी सांग.

माझी टाच तुझ्या बोटांवर पडली, तर तेही सांग. तेही म्हणेन.

या वेळी पुढं उभी राहणारी,
तुझी
सालुद