पोलिसाने दिलेली खुर्ची

ताई,
धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे. लाँड्रीतलं इस्त्रीचं काम आता अंगवळणी पडलंय. तुझा गुडघा कसा आहे?

समोरची बाई तुझाच धंदा करते. इथे परदेशात तो कायद्याने चालतो, तरी लोक नाकं मुरडतातच. गेल्या आठवड्यात तिला गिऱ्हाइकाने मारलं, तशी ती आमच्या दुकानात आली आणि स्वतःच पोलिसांना बोलावलं. पोलिसाने तिला बसायला खुर्ची दिली आणि त्याला धरून नेलं! माझ्या पोटात असं दुखलं, की इस्त्रीखाली तिचीच चादर जळाली. गिऱ्हाइकाने दात पाडला म्हणून तू तिकडे चौकीत गेलीस, तर मेल्यांनी तुलाच कोंडलं होतं.

चादर देताना तिला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझी ताई कुणाला बोलावते?"

तेव्हापासून मला तिचं तोंड बघवत नाही. दाराची कडी नीट लावत जा गं.

तुझीच,
धाकटी