तिसरा कागद

अमडापूर,
१४ जुलै २०१९

प्रिय अन्वर,

सलाम आणि जयभीम, दोन्ही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टाला कामाला लावलं. तू हल्ली असतोस तो पत्ता 'जाकीरभाईंचं वर्कशॉप, स्टेशनजवळ, शेगाव' एवढाच लिहिला आहे. पोस्टमन हुशार असेल तर पत्र पोचेल, आणि तू शहाणा असशील तर फाडणार नाहीस.

इकडची खबर म्हणजे पाऊस दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा विचार करतो आहे. आठवीत यंदा संस्कृतला अकरा मुलं आहेत, त्यातली नऊ चुकून आलेली. तुझ्या दुकानाच्या बंद शटरसमोर शंकररावांनी आपला बिघडलेला फवारणी पंप आणून ठेवला आहे. रोज तो बघून येतात आणि मला विचारतात, "सर, तुमचा दोस्त कवा येऊन राह्यला?" जणू तुझं वेळापत्रक माझ्या खिशात असतं. पूर्वी असायचं.

आधी माझी तक्रार. बीटी कापूस आला तेव्हा लोक तुला म्हणाले, आता फवारणी संपली, चहाची टपरी टाक. मग दोन हजार सतराला गुलाबी बोंडअळी आली आणि तू कर्ज काढून बॅटरीचे पंप भरलेस. जामीनदार मी. कागद न वाचता सही केली. आपल्यात वाचून सही करणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच. पुढे अळीनं बोंडंच ठेवली नाहीत, उधारीवर गेलेले पंप लोकांच्या ओसरीत पडून राहिले. इथवर तुझा दोष नाही. पण आठ महिने हप्ता थकला होता, अन्वर. त्या आठ महिन्यांत दर शुक्रवारी तू माझ्याकडे चहा प्यायलास, समताच्या नर्सिंगच्या फॉर्मची चौकशी केलीस, आणि हे एक सोडून सगळं बोललास.

मला कळलं ते बँकेच्या काउंटरवर. पोर समता शेजारी उभी. तिच्या शिक्षणाच्या कर्जाला माझं सिबिल बघितलं तर नऊशेपैकी पाचशे बावन्न. आमच्या शाळेत एवढ्या गुणांत पहिला वर्ग मिळतो. बँकेत नापास. कारण विचारलं तर बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर तुझं नाव होतं.

त्या बाई म्हणजे सिंधूताई. त्यांनीच सांगितलं, "सर, नोंद चुकीची असंन तर तक्रार तुम्हीच टाका, पैसा लागत नाही. पण नोंद खरी असंन तर कोणाच्या बापाले पुसता येत नाही. हप्ते भरा, वेळ द्या." एवढं सरळ आणि फुकट बोलणाऱ्या माणसावर माझ्यासारख्या शिकलेल्याचा विश्वास कसा बसावा? न्यायदर्शनात आप्ताचं लक्षण शिकलो आहे मी: जे जसं आहे तसं सांगणारा, तो आप्त. पंचवीस वर्षं ते मुलांना समजावतो आहे. आणि समोर साक्षात आप्त बसलेली असताना खामगावच्या बसमध्ये चढलो.

तिथं 'सिबिल सुधार केंद्र'. काचेचं दार, शिक्क्याची पावती, आणि मालक पंजाबराव. मी चहा मागवला तर म्हणाले, "नाई सर, गिऱ्हाइकाचा च्या मी पेत नाई." मी तिथंच विरघळलो. पैसे आधी घेणारा पण चहा न घेणारा माणूस मला निःस्पृह वाटला. पंचेचाळीस दिवसांत साडेसातशेची हमी दिली त्यांनी. तीन कागद पुढे केले. मी सह्या केल्या. आता त्या काचेच्या दारामागे मोबाइलची कव्हरं विकतात.

पुढचं तुला माहीत आहे. बँकेचे दोघं तुझ्या दुकानात आले, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, जामीनदाराची खोटी सही केल्याची तुमच्यावर लेखी तक्रार आहे. तू शटर ओढलंस. शेगावला जायच्या आधी खैरुन्निसाभाभी माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. "सर, यायनं हप्ता भरला नाही, तुमाले सांगतलं नाही, चुकलंच. पन चोर? तुमी काऊन चोर लिवलं?" मी म्हणालो, भाभी, मी न वाचता सही केली. सवयच आहे तशी. त्या निघून गेल्या.

भाभींना जे सांगितलं तेच तुलाही लिहिणार होतो. दोनदा लिहून फाडलं.

मी वाचला होता, अन्वर. पहिले दोन नाही. तिसरा वाचला. 'सदर जामीनपत्रावरील सही माझी नसून ती कर्जदाराने केली असावी.' मी वर बघितलं. पंजाबराव म्हणाले, "सर, निस्ती फार्म्यालिटी हाय. कोनी वाचत नाई." समता बाहेर बाकावर बसली होती, ॲडमिशनला जेमतेम पन्नास दिवस होते. माझ्या मनात तुझे ते आठ महिने होते. मी पेनाचं टोपण काढलं.

आणि ते वाक्य त्यांना सुचलं कुठून, तेही सांगतो. नववीत माझा बाप खामगावला जिनिंग मिलमध्ये कामाला, प्रगतिपुस्तकावर सही करायला घरी कोणी नाही. तेव्हा तू माझ्या बापाची सही अशी हुबेहूब केली होतीस की कुलकर्णी गुरुजी अक्षराला दाद देऊन गेले. मला छडीपासून वाचवलंस. ती गोष्ट मी पंजाबरावांना हसत हसत सांगितली, दोस्ती किती जुनी ते दाखवायला. ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

तू गप्प राहून मला फसवलंस, हे मी अजून गिळलेलं नाही. गिळेन असंही वचन देत नाही. पण तू माझ्याविरुद्ध काही लिहिलं नव्हतंस.

काल बँकेत गेलो. सिंधूताईंसमोर स्वतःच्या हातानं लिहून दिलं की जामीनपत्रावरची सही माझी आहे आणि ती खोटी तक्रारही माझीच आहे. त्या म्हणाल्या, "सर, आता तर यंदा कर्जाचं विसराच." समताला घरी येऊन सगळं सांगितलं, तिसऱ्या कागदासकट. तिनं ॲडमिशनचा फॉर्म घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "पप्पा, मी वर्षभर थांबीन. पन काकाले हे तुम्हीच सांगा, मी नाई सांगनार."

म्हणून सांगतो आहे. बँकेनं शिक्का मारलेली नक्कल सोबत जोडली आहे. चाळीस वर्षांत आपण एकमेकांचा कागद वाचला नाही. हा वाच. ओळ न् ओळ वाच, जाकीरभाईंनाही वाचायला दे, भाभींना मोठ्यानं वाचून दाखव. मग यायचं की नाही ते ठरव. शंकररावांचा पंप मी ओसरीत घेऊन ठेवतो.

खालची सही तपासून बघ. माझीच आहे.

तुझा जामीनदार,
सहदेव