पदकातला हात

मोहाच, २४ फेब्रुवारी १९५७

चि. स्तिपान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पुस्तकांच्या दुकानात काचेमागे ठेवलेलं तू घडवलेलं कार्निवलचं पदक काल पोलिसांनी नेलं. दुकानाच्या माराबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. पदकातला हा हात कोणाचा, असं साहेबांनी दोनदा विचारलं म्हणे.

अरे, कार्निवलातल्या बूशो सोंगाचा मुखवटा, शिंगं, मेंढीचं कातडं, सगळं काढलंस ते ठीक. पण करंगळी नसलेला डावा हात कशाला काढलास? बुदापेश्टच्या उठावात, गोळीबारात आपल्या धाकट्या बार्तोलची करंगळी गेली. पोलिसांकडे ना त्याचं नाव, ना फोटो. तेवढी एकच खूण आहे. लहानपणी शेजारणीचा चामखीळ मातीत हुबेहूब काढून मार खाल्लास, तरी खोड गेली नाही!

बार्तोल अजून आमच्या माळ्यावरच आहे. येत्या रविवारी बूशोंच्या गर्दीत मुखवटा चढवून तो नावेतून डॅन्यूबपार जाणार होता. आता घाटावर प्रत्येकाचा डावा हात बघणार आहेत. काय करू ते कळव. पत्र टपालात न टाकता यानोशकाकांच्या हाती देतेय.

तुझी,
मांदाताई

पेच, २७ फेब्रुवारी

ती. मांदाताईस स्तिपानचा शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. जानेवारीत माळ्यावर बसून त्याचा हात मेणात घडवला, तेव्हा नसलेली करंगळी लावणं मला खोटं वाटलं.

काल कार्यशाळेत करवतीवर अपघात झाला. घाबरू नकोस, उजवा हात शाबूत आहे. रविवारी येतो. घाटावर सगळ्यांच्या पुढे, मुखवट्याशिवाय उभा राहीन. कोणी विचारलंच तर सांग, शिल्पकाराने स्वतःचाच हात घडवला. त्यांना हवा तो माणूस सापडला, की मागच्या नावेकडे कोण बघतंय?

बार्तोलला कळू देऊ नकोस. लोभ आहेच, तो रविवारनंतरही असू दे.

तुझा,
स्तिपान

मोहाच, १ मार्च

चि. स्तिपान यास आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीत टाकलं. वेड्या, आधी विचारायचंस तरी! मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस.

जखम ओली आहे हे कुणाच्या लक्षात यायला नको. सोबत लोकरीचा हातमोजा पाठवतेय. करंगळीचं तोंड शिवून टाकलंय. शिवताना सुई दोनदा माझ्याच बोटात गेली.

बार्तोल खुशीत आहे. दादा स्वतःच्या पदकाचं कौतुक ऐकायला येतोय, म्हणून तुझी थट्टा करतो. मी हसले.

पोलीस चारपासून घाटावर असतील. नाव पाचला सुटेल. तू साडेचारला ये. त्याआधी नको, आणि उशीर तर मुळीच नको.

तुझी,
ताई