दोन किलो जास्तीचे

८ जून

चि. सौ. चिमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आबांच्या अन्ननलिकेतली गाठ कॅन्सरचीच निघाली, हे फोनवर सांगितलंच. पुढचं फोनवर बोलवेना, म्हणून लिहायला बसलो. ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला आहे. डॉक्टरांची अट एकच: वजन पन्नासच्या खाली जायला नको. गेलं तर लगेच कळवायचं, मग नाकातून नळी घालून पोटात अन्न देतील.

त्यांचं वजन दर रविवारी घरीच करतो. जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणारे आबा दुसऱ्याच्या काट्यावर कशाला पाय ठेवतील! पण मागच्या रविवारी दीड किलो कमी भरले, तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. घोटभर दूधसुद्धा घेतलं नाही.

हल्ली काटा शून्यावर आणायचं काम माझ्याकडे आहे. परवा मी स्क्रू फिरवला आणि दोन किलो जास्त ठेवले. बावन्न दिसले. आबा दोन वाट्या सूप प्यायले आणि तुझ्या वहिनीला म्हणाले, मीठ कमी पडलंय. किती दिवसांनी त्यांनी खोड काढली! देवापुढे बसलो, पण काय मागावं ते सुचेना.

कुणाला बोलू नकोस. आहे तसाच लोभ राहू दे.
तुझा दादा

१३ जून

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं. काटा मारणाऱ्या दुकानदाराच्या घरी आबा पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, आणि तू त्यांनाच काटा मारलास! लहानपणी तुला माझं गणित खोडून बरोबर उत्तर लिहायची सवय होती, ती अजून गेली नाही.

आबांचा काल फोन आला होता. आवाज खणखणीत. म्हणाले, नळीबिळी काही लागत नाही मला. त्यांना हवं तर सांगू नकोस, पण डॉक्टरांना खरा आकडा कळव. एवढं माझं ऐक.

वहिनीला नमस्कार. रागावलेय, तरी माया तेवढीच आहे.
तुझी चिमी

२८ जून

चि. चिमीस, आशीर्वाद.

ऑपरेशन झालं नाही. हॉस्पिटलच्या काट्यावर आबा सत्तेचाळीस भरले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, कळवलं का नाही. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात खरे एकोणपन्नास होते. एका किलोने काय होतंय, सूप तर पितायत, असं मनाला समजावलं. पुढच्या आठवड्यात कळवायचं धाडसच झालं नाही.

आता उद्या नळी घालतील. वीस दिवसांत तीन किलो चढले तर ऑपरेशन, नाहीतर गाठ पुढे गेलेली असेल. आबा नर्सबाईंना म्हणाले, तुमचा काटा बिघडलाय, पाना आणा, फुकट दुरुस्त करून देतो. सगळे हसले. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

मला काही लिहू नकोस. त्यांना लिही.
दादा

२८ जून, संध्याकाळ

चि. चिमे, अनेक आशीर्वाद.

खाटेवर पडून लिहितोय, अक्षर समजून घे. दादा सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. त्याला तोंडावर सांगायला मला जमणार नाही, तू सांग.

काटा दोन किलो पुढे आहे, हे मी पहिल्याच रविवारी पाहिलं. रिकाम्या काट्याकडे नजर टाकल्याशिवाय माझा पाय उचलतो का? पण मला नळीची भीती वाटत होती, चिमे. तपासणीला हॉस्पिटलात होतो तेव्हा शेजारच्या खाटेवर नळी घातलेल्या माणसाला पाहिलं होतं. म्हणून पुढच्या रविवारी चढताना मी वर छताकडे बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पोराने माझ्यासाठी खोटं केलं, आणि मी ते चालवून घेतलं. दोष वाटायचाच असेल तर मोठा वाटा माझ्याकडे येतो.

उद्या नळी घालून घेतो. नाही म्हणणार नाही. दादाला म्हणालो, तीन किलो म्हणजे काय फार नाहीत. त्याने मान हलवली. तीन किलो किती असतात, ते माझ्याइतकं या घरात कुणाला माहीत आहे?

पोरांना पापे. जीव लावून आहेस, तशीच राहा.
तुझे आबा