बंद न केलेला खेळ

४ नोव्हेंबर

आज नव्या घरी रुजू झाले. गेल्या पेशंटच्या मानाने हे घर म्हणजे स्वर्ग! मला स्वतंत्र खोली, खिडकीत भरपूर ऊन, आणि पलंग चक्क करकरत नाही. पेशंट म्हणजे काका: सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायू, वाचा गेलेली, पण नजर एकदम जागी. काकू सत्तरीच्या, गोड, बोलायला लागल्या की श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. स्वयंपाकाला एक मावशी आहेत. त्यांना म्हटलं, मी नवी नर्स. तर म्हणाल्या, "बाहेर वारा आहे, दार लावून घ्या." झाडाचं पान हलत नव्हतं! मला हसू आवरेना. संध्याकाळी ताईला फोनवर नक्कल करून दाखवली, तीही हसली. म्हणाली, यंदा तरी टिक बाई एका जागी.

६ नोव्हेंबर

काकांशी गट्टी जमली. सकाळी अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं. गोळ्या दिल्या की मी म्हणते, "गोळी घेतलीत ना? मग पडा निवांत." ते पापणी मिटून हो म्हणतात.

आज शेजारची खोली पाहिली. त्यांच्या मुलाची, राजाची. टीव्हीपुढे जुना गेमचा डबा, बावीस वर्षांपूर्वी पोरं ज्याच्यापायी वेडी झाली होती तसला. तो चालू आहे. बावीस वर्षं चालू! त्याच्यावर छोटा पंखा लावलाय, मागे इन्व्हर्टर, टीव्ही म्हणे आतापर्यंतचा चौथा. पडद्यावर एक गाव: विहीर, सराय, निळ्या अंगरख्यातला तलवारवाला तरुण. त्याला मुलाने स्वतःचंच नाव दिलंय, राजा.

काकूंनी सगळं सांगितलं. तासन् तास खेळला होता, मेमरी कार्ड भरलं, खेळ साठवता येईना. दुसरं कार्ड आणायला सायकल काढली. जाता जाता ओरडला, आई, मी येईपर्यंत बंद करू नकोस. चौकात ट्रकने उडवलं. एकोणीस वर्षांचा होता.

मी त्यांचा हात धरून बसले.

९ नोव्हेंबर

काकू रोज दुपारी तासभर खेळतात. लढाई नाही, प्रवास नाही. राजाला गावातून फिरवायचं आणि प्रत्येकासमोर उभं करून बटण दाबायचं, की त्या माणसाचं एक वाक्य खाली उमटतं. दुकानदाराचं एक, पहारेकऱ्याचं एक. कितीही वेळा विचारा, तेच. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून आज मला वाचायला बसवलं. मजा वाटत होती. मग सरायच्या आत हिरव्या शालीतली एक बाई दिसली. चुलीपासून खिडकीपर्यंत तीन पावलं जायची, वळायची, परत यायची. तिचं वाक्य अक्षरं इंग्रजी असूनही आपल्या भाषेत होतं. मी मोठ्याने वाचलं.

बाहेर वारा आहे, दार लावून घ्या.

काकू कौतुकाने हसल्या. माझ्या हातातला चहा मात्र तसाच निवला.

११ नोव्हेंबर

आज स्वयंपाकघराच्या दारात अर्धा तास उभी राहिले. मावशी गॅसपासून खिडकीपर्यंत जातात. तीन पावलं. वळतात. मी नाव विचारलं, गाव विचारलं, शेवटी खांदे धरून हलवलं. वाऱ्याचंच सांगितलं. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

काकूंना विचारलं. अगदी सहज म्हणाल्या, ती आधीची नर्स गं. यांच्यासाठी आली, मग इथेच रमली. मी म्हटलं, पण ती पडद्यावर कशी? काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, सुरुवातीला गावात आपलं बोलणारं कुणीच नव्हतं. राजा एकटा पडायला नको ना?

विहिरीपाशी आज एक नवी बाई दिसली. माझ्यासारखाच पांढरा एप्रन. बटण दाबलं की नुसती तीन टिंबं येतात.

उद्या एजन्सीला कळवणार. हे घर नको.

१३ नोव्हेंबर

एजन्सीला फोन लावला. बदली मिळायला आठवडा लागेल म्हणाले. बोलता बोलता मध्येच मी त्यांना म्हटलं, गोळी घेतलीत ना? जीभ घसरली, दुसरं काय. पलीकडची मुलगी हसली. मीही हसले.

१४ नोव्हेंबर

तीन टिंबं गेली. एप्रनवालीला वाक्य मिळालं. मी ते वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती, ओठ आपोआप हलले.

गोळ्या देताना काका एकसारखे भिंतीकडे बघत होते. माझ्याकडे, भिंतीकडे, परत माझ्याकडे. त्या भिंतीपलीकडे राजाची खोली आहे. तिथेच तो प्लग. मी विचारलं, बंद करू? त्यांनी पापण्या इतक्या घट्ट मिटल्या की डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

१५ नोव्हेंबर

सकाळी काकू आंघोळीला गेल्या तेव्हा गेले. प्लग हातात धरला. ओढायचाच बाकी होता. तेवढ्यात काकू दारात, ओल्या केसांनी. वाटलं, अंगावर धावून येतील. नाही आल्या. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तो येईपर्यंत थांब गं. मी शब्द दिलाय त्याला."

पडद्यावर तो निळा पोरगा उभा होता, श्वास घेतल्यासारखा खालीवर होत.

माझ्याच्याने नाही ओढवलं. सोडला मी प्लग. मीच सोडला.

१६ नोव्हेंबर

दारावर आलेल्या भाजीवाल्याने विचारलं, काय देऊ ताई? मी म्हटलं, गोळी घेतलीत ना, मग पडा निवांत. तीनदा. तो घाबरून निघून गेला.

पुन्हा प्लगकडे गेले. काकांच्या पलंगापासून तीन पावलं जाते. चौथं पडत नाही. पाय वळतात. ओढून पाहिलं, हाताने गुडघा धरून पाहिला — वळतात.

काका बघतात. रडतात. आम्ही दोघंही काही करू शकत नाही, ते पलंगावर आणि मी पलंगाभोवती.

१७ नोव्हेंबर

ताईचा फोन. मला म्हणायचं होतं, मला ने. इतकंच. दोन शब्द. तोंडातून तेच आलं. ती आधी हसली. मग रडवेली होऊन म्हणाली, बाई गं, असं काय करतेस, मी निघतेच उद्या.

नको येऊस. नको येऊस. हे फक्त वहीतच लिहिता येतं. वही पलंगाच्या टोकाशी आहे, तिसऱ्या पावलावर. जाता जाता एक ओळ, परत येताना एक.

१८ नोव्हेंबर, सकाळ

शब्द कमी होताहेत. काल आईचा चेहरा आठवत होता. आज — आवाज नुसता.

दुपार

ताई आली. मला मिठी मारली. मी तिला म्हटलं — जे म्हणते तेच. ती डॉक्टर बोलवायला निघाली होती. काकूंनी बसवलं, पाणी दिलं. इतकी माया करतात, ताईला भरून आलं. म्हणते, हिला बरं वाटेपर्यंत मी इथेच राहते, काकांचंही मीच बघेन.

काकू तिला ती खोली दाखवायला —

ऐकू येतंय. काकू म्हणताहेत, एवढं वाचून दाखव गं. ताई वाचतेय. हसतेय. म्हणते, कोपऱ्यातली ही लाल ओढणीवाली काही बोलतच नाही, नुसती टिंबं —

ताईची ओढणी —

येतेय इकडे. वही द्यायची. हातात. एवढंच. तीन पावलं, हात लांब केला की — ती दारातच थांबली. विचारतेय काय लिहितेस. ताई, अजून दोन पावलं पुढे ये, वही घे, वाच, आणि पळ, मागे न बघता प —